जिना चढताना दुखणे वाढते का?

आमच्या घरात डोकेदुखीला एकच नाव होते, अर्धशिशी. आईला ती होती. दुखणे उठले की ती पडदे ओढून अंधारात पडून राही, उलट्यांनी गळून जाई, आणि आम्ही मुले घरभर चवड्यांवर चालत असू. त्यामुळे पस्तिशीनंतर माझे डोके वरचेवर दुखू लागले तेव्हा आईचेच दुखणे माझ्याकडे आले, असे मी धरून चालले. चष्म्याचा नंबर तपासला, सायनसचा एक्स-रे काढला, पित्त म्हणून महिनाभर चहा सोडला. एका डॉक्टरांनी आईचा इतिहास ऐकताच अर्धशिशीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या भेटीत माझे डोके नेमके कसे दुखते, हे मला विचारले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पाच वर्षांनी, दुखण्याचे दिवस न दुखण्याच्या दिवसांपेक्षा जास्त झाले तेव्हा, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी जवळजवळ अर्धा तास केवळ प्रश्न विचारले. दुखणे एका बाजूला असते की दोन्ही? ठणकते की आवळते? किती तास राहते? मळमळते का? आणि मग, जिना चढताना वाढते का?

या शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबले. मी मुलुंडला राहते आणि नोकरीसाठी लोअर परळला जाते, म्हणजे रोज संध्याकाळी दादरला गाडी बदलण्यासाठी मला पूल चढावाच लागतो. दुपारी तीनच्या सुमारास सुरू झालेले दुखणे घेऊन मी तो पूल शेकडो वेळा चढले होते, आणि त्या पायऱ्यांनी ते कधीही वाढले नव्हते. डोक्याभोवती ओले फडके पिळून घट्ट बांधावे तसे ते दोन्ही कानशिलांवर आणि मानेच्या मागे असे. त्रासदायक असे, पण मी त्यातही ताळेबंद तपासत असे. आईला त्या अवस्थेत उठून बसताही येत नसे. इतकी वर्षे हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता.

डॉक्टरबाईंनी समजावले की डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत याचे निकष स्पष्ट दिलेले आहेत. अर्धशिशीचा झटका उपचारांविना ४ ते ७२ तास टिकतो. दुखणे बहुधा एका बाजूचे, ठणकणारे, मध्यम ते तीव्र आणि हालचालीने वाढणारे असते, आणि त्यासोबत मळमळ किंवा उलटी होते, नाहीतर प्रकाश आणि आवाज हे दोन्ही सहन होत नाहीत. ताणजन्य डोकेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना, आवळणारी, सौम्य ते मध्यम असते आणि चालण्याने वाढत नाही. मला कधीकधी ट्यूबलाइट नकोशी वाटे, त्यावरच माझा अर्धशिशीचा समज टिकून होता. पण प्रकाश किंवा आवाज यांपैकी एकाचा त्रास ताणजन्य प्रकारातही होऊ शकतो. मग त्यांनी बोटांनी माझी कानशिले, जबडा, मान आणि खांदे दाबून पाहिले. खांद्याच्या वरच्या स्नायूवर बोट टेकताच मी कळवळले.

मला एमआरआय हवा होता. त्यांनी दुर्बिणीने डोळ्यांचा पडदा पाहिला, हातापायांतली ताकद तपासली आणि विचारले की दुखणे कधी क्षणात विजेसारखे उठले का, सोबत ताप येऊन मान ताठली का, बोलणे अडखळले का. यातले काहीच नव्हते, म्हणून त्यांनी एमआरआय लिहिला नाही. त्या दिवशी मी नाराज होऊन घरी आले, हे मान्य करते. एमआरआयऐवजी त्यांनी मला वही घालायला सांगितली होती.

दोन महिने मी रोज लिहिले: सुरुवात, शेवट, बाजू, मळमळ, जिना, घेतलेल्या गोळ्या. पहिल्या महिन्यात दुखण्याचे १९ दिवस निघाले. त्याहून धक्कादायक म्हणजे, कॅफिन असलेली संमिश्र वेदनाशामक गोळी मी १३ दिवस घेतली होती. महिन्यात १० किंवा अधिक दिवस अशा गोळ्या तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवतात, हे मला तेव्हा कळले. निदान लिहिले गेले ते दीर्घकालीन ताणजन्य डोकेदुखी आणि त्यावर औषधांच्या अतिवापराची भर. घरी सगळे म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नकोस’. डॉक्टरबाईंचे म्हणणे मला अधिक पटले: नावात ताण असला तरी दुखणे मनाने रचलेले नसते, मान आणि डोक्याचे स्नायू हुळहुळे होतात, आणि ते फार काळ चालले की वेदना हाताळण्याची मेंदूची पद्धतच अतिसंवेदनशील होते.

वेदनाशामके बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस फार कठीण गेले. रात्री अमिट्रिप्टिलिन या डोकेदुखी वरचेवर उठू नये म्हणून द्यायच्या औषधाची लहान मात्रा सुरू झाली. तोंड कोरडे पडते, सकाळी जडपणा राहतो. त्याबरोबर मानेचे व्यायाम, आणि कार्यालयात संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत. चौथ्या महिन्यात दुखण्याचे दिवस ७ वर आले.

वहीत तीन नोंदी मात्र वेगळ्या निघाल्या: उजवी बाजू, ठणका, मळमळ, आणि जिन्याच्या रकान्यात ‘चढवेना’. एकाच व्यक्तीला दोन्ही प्रकार असू शकतात, पण अर्धशिशीचे निदान पक्के करायला असे किमान पाच झटके लागतात. म्हणून त्या नोंदी मी लाल शाईने लिहिते आणि पुढच्या तारखेला वही सोबत नेणार आहे.