आठ पाऊण सहा: रेवदंड्याच्या खाडीत दोन दिवस

मासे गरवायच्या गेल्या तीन वाऱ्या कोरड्या गेल्या. शनिवार मोकळा मिळाला की रॉड उचलून निघायचं आणि पाणी कसं आहे ते तिथे पोचल्यावर बघायचं, हीच चूक. या वेळी आधी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं, शनिवारी वद्य अष्टमी दिसली, मग बायकोला विचारलं.

हिशोब जुनाच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. आठ पाऊण सहा. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही त्याच्या मागे तेवढीच सरकते, म्हणून पाढा जमतो. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. उधाणाचा गढूळ लोंढा नसतो, ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, माशाला दिसतो तरी. (जिवंत कोळंबी लावून गरवणाऱ्यांना याचं फारसं काही नाही, मासा वासावर येतो.)

सहाला साळावच्या बाजूने होडीत बसलो. कोर्लईचा डोंगर अजून नुसता काळा ठिपका. मी लगेच रॉड उचलला, तर होडीवाले काका म्हणाले, "पानी वलूं दे, मंग टाक." अर्धा तास नुसता चहा. मग नांगराचा दोर सैल पडला, होडी हळूच फिरली, सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली.

सेटअप: 4000चं रील, 20 पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाइन, तिच्या टोकाला 30 पौंडांचा लीडर (जाड दोऱ्याचा तुकडा), 10 ग्रॅमच्या जिगहेडवर (वजन जोडलेल्या गळावर) चार इंची सॉफ्ट प्लॅस्टिकचा ल्युअर. पहिला लागला शिंगाळा. त्याला धरताना कल्ल्यामागचा काटा अंगठ्यात गेलाच. काटा करवतीसारखा दातेरी आणि विषारी, हात खांद्यापर्यंत ठणकला. काकांनी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, सोसवेल इतकं गरम, तेव्हा कुठे उतार पडला. पुढच्या वेळी पक्कड खिशात, पिशवीत नाही.

नंतर अर्ध्या किलोचा जिताडा आला. सोडला. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. इतक्या लहानपणी उचलला तर पुढे अंडी कोण घालणार?

आणि मग तो. रील ओरडलं, मासा पाण्याबाहेर आला, तोंड उघडं ठेवून दोनदा मान झटकली, आणि लाइन एकदम हलकी. माझ्या पोटात गोळा. लाइन आणि लीडर जोडणारी एफजी गाठ पुन्हा सुटली असणार, असंच वाटलं. पंधरा दिवस खिडकीच्या गजाला बांधून सराव केला होता तिचा. पण गुंडाळून बघतो तर गाठ जशीच्या तशी! लीडर तुटला होता, टोकाला पिंजलेल्या सुतासारखा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं असतं, त्यावर घासला.

म्हणजे मासा गेला, पण गाठ टिकली. वहीत ती जमेच्या बाजूला लिहिली.

दुपारी सोडे-वांगी आणि तांदळाची भाकरी, मग सुरूच्या बनात दोन तास झोप. संध्याकाळच्या भरतीला रॉड काढलाही नाही. रविवारी सकाळी एक तांबोशी, पाऊण किलोची, घरी आणली.

पुढची अष्टमी रविवारी आहे. 40 पौंडांचा लीडर आणून ठेवलाय.