स्त्रीबीजवाढीच्या इंजेक्शनांचे दहा दिवस

पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, दोन्ही अंडाशयांत मिळून बारा लहान फॉलिकल्स, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या द्रवाच्या पिशव्या, दिसली आणि बीजे वाढवून बाहेर काढण्यासाठी त्याच संध्याकाळपासून इंजेक्शने सुरू करायचे ठरले. मला एकच भीती होती, की एका महिन्यात इतकी स्त्रीबीजे वाढवली तर पुढच्या वर्षांचा साठा आत्ताच संपेल. त्यावर डॉक्टरांनी सांगितले, की दर महिन्याला फॉलिकल्सचा एक गट वाढायला लागतोच, पण पुढे शरीरातील एफएसएच, म्हणजे फॉलिकल्स वाढवणारे संप्रेरक, कमी होत गेल्याने त्यांतले बहुधा एकच टिकते आणि बाकीची सुकून जातात. इंजेक्शनमुळे ती पातळी चढी राहते आणि एरवी त्याच महिन्यात वाया जाणारी बीजेही वाढतात. हे ऐकले नसते तर पहिल्या रात्री माझा हात धजावला नसता.

पेनवर मात्रा लावायची, बेंबीपासून थोडे बाजूला पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत घालायची आणि बटण दाबून दहा आकडे मोजायचे. आकडे माझे पती मोठ्याने मोजत. सुई जवळपास जाणवत नसे. सहाव्या दिवशी बीजे वेळेआधी फुटू नयेत म्हणून दुसरे इंजेक्शन जोडले गेले, ते मात्र चुरचुरे आणि त्या जागी तासभर लाल चट्टा राही.

त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत बारांपैकी सातच वाढत असल्याचे दिसले, तीही 9 ते 13 मिलिमीटरची. घरी येऊन मी खूप रडले. उरलेल्या पाचांचा हिशोब मी उगाच दोन दिवस करत बसले, कारण सगळीच सारखी वाढतात असे मी गृहीत धरले होते आणि तसे नसते हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

शेवटी पोट इतके गच्च झाले, की वाकणे नकोसे होई. वजन झपाट्याने वाढले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर लगेच कळवा, असे बजावले होते. सुदैवाने तसे काही झाले नाही. दहाव्या दिवशी तीन फॉलिकल्स 18 मिलिमीटरच्या पुढे गेली आणि रात्री ठीक 10 वाजता ट्रिगरचे, म्हणजे बीजे पक्व करणारे शेवटचे, इंजेक्शन घ्यायचे ठरले, कारण बीजे काढण्याची वेळ त्यानंतर 36 तासांनी, म्हणजे परवा सकाळी 10 ची होती. आम्ही तीन गजर लावले होते. सहा बीजे मिळाली, त्यांतली पाच परिपक्व होती.