रोजनिशी: खाडीच्या गाळाखालचा कातळ

सोमवार, ऐरोली

सिस्मिक परावर्तन (जमिनीला धक्का देऊन खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी टिपणं) शिकायला ठाणे खाडीचा काठ उत्तम, आणि तितकाच फसवा. वर पाण्याने भरलेला मऊ गाळ, खाली दख्खनचा बसाल्ट. गाळात लहरींचा वेग सेकंदाला साधारण 1500 मीटर आणि घनता 1.6. ताज्या बसाल्टमध्ये वेग 5000 च्या आसपास, घनता 2.8. वेग आणि घनता यांचा गुणाकार म्हणजे इम्पीडन्स. दोन्ही थरांच्या इम्पीडन्सची वजाबाकी भागिले बेरीज केली की परावर्तनाचा गुणांक 0.7 येतो. तेलाच्या शोधात ज्या थरांमागे आयुष्य जातं त्यांचा गुणांक सहसा 0.1 सुद्धा नसतो. नवख्याला इथला कातळ पहिल्याच रेकॉर्डवर दिसतो आणि हायसं वाटतं. माझं मत उलट आहे. इतका जोरदार परावर्तक दिसला की जास्त सावध व्हावं, कारण तो एकदा बोलून गप्प बसत नाही.

मांडणी साधी ठेवावी. 48 चॅनेल, 40 हर्ट्झचे जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे), दर मीटरला एक, दर मीटरला एक शॉट, म्हणजे धक्का. फोल्ड (खालच्या एकाच बिंदूच्या किती नोंदी मिळतात तो आकडा) 24 मिळतो, म्हणजे विस्कळीत गोंगाट जवळपास पाचपट दबतो. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात असल्याने आधी वनखात्याची परवानगी, आणि स्रोत म्हणून लोखंडी पाटीवर 8 किलोचा घण. सॅम्पलिंग, म्हणजे दोन मोजणींमधला वेळ, 0.25 मिलिसेकंद.

मंगळवार

आजची नोंद ट्रिगरची, म्हणजे ठोक्याबरोबर रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या स्विचची. घणाच्या दांड्याला बांधलेला स्विच कधी घण उचलतानाच सुटतो, कधी पाटीवर उसळी घेतल्यावर दुसऱ्यांदा. एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे 1500 च्या वेगाने पाऊण मीटर खोली. दहा ठोके स्टॅक करताना, म्हणजे त्यांच्या नोंदींची बेरीज करताना, प्रत्येक ठोका वेगळा पडला तर वेळ तर चुकतेच, शिवाय वरच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून ठोके सुटे साठवावेत, पहिल्या आगमनावर जुळवून घ्यावेत, मगच स्टॅक.

दुसरा त्रास 50 हर्ट्झच्या गुणगुणीचा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या वायरींत 25,000 व्होल्टचा एसी आहे, आणि केबलच्या जोडात खारं पाणी शिरलं की तो थेट रेकॉर्डमध्ये उतरतो. नेमकी तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा नॉच फिल्टर लावायचा मोह होतो, पण तो 50 च्या आसपासचा खरा सिग्नलही कापतो. जोड पुसून, कोरडा करून, जमिनीपासून वर टांगावा. शेवटची लोकल गेल्यावर मिळणारे दोन-तीन तास सोन्याचे.

बुधवार

प्रोसेसिंग. गाळ 15 मीटर धरला तर कातळाचं परावर्तन शून्य अंतरावर (घण आणि जिओफोन एकाच जागी असताना) 20 मिलिसेकंदांना येतं. घणाचा हवेतला आवाज 340 मीटरच्या वेगाने येतो आणि जिओफोन 7 मीटरवर असताना बरोब्बर या परावर्तनावर बसतो. तो म्यूट करावाच, म्हणजे नोंदीतून कापावाच लागतो. साडेनऊ मीटरच्या पुढे लहर क्रांतिक कोन (ज्याच्या पुढे ती बसाल्टमध्ये न शिरता सगळी परतते) ओलांडते, अ‍ॅम्प्लिट्यूड फुगतं आणि फेज फिरते. 20 मीटरवर एनएमओ दुरुस्ती (लांबच्या जिओफोनवर उशिरा आलेली लहर शून्य अंतराच्या वेळेवर आणणं) 4 मिलिसेकंद, त्यात नोंदीला पडणारा ताण 20 टक्के. 40 मीटरवर ताण 67 टक्के, म्हणजे तो ट्रेस (एका जिओफोनची नोंद) रबरासारखा ओढला गेलेला असतो. 25 मीटरच्या पुढचं या परावर्तनासाठी स्टॅकमध्ये घेऊ नये. 48 चॅनेल असूनही 20 मिलिसेकंदांवर खरा फोल्ड 24 च्या बराच खाली येतो. अहवालात तोच लिहावा.

गुरुवार

मूळ मुद्दा. स्टॅकवर (सगळ्या नोंदी बेरजून केलेल्या चित्रावर) 20 मिलिसेकंदांना एक ठळक रेघ आणि 40 ला दुसरी. दुसरी रेघ पाहून ‘30 मीटरवर आणखी एक थर’ असं लिहिणं अगदी सोपं. पण कातळावरून आलेली लहर चिखलाच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाते, पुन्हा कातळावरून येते. ही मल्टिपल. पृष्ठभागाचा गुणांक उणे 1, म्हणून तिचा गुणांक 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 0.5, आणि ध्रुवता (लहर आधी वर उठते की खाली) उलटी. जेमतेम फिकी होते. म्हणूनच फसवते.

ओळखायची कशी? ध्रुवता फक्त साडेनऊ मीटरच्या आतल्या ट्रेसवर तपासावी, पुढे फेज फिरलेली असल्याने ती चाचणी निकामी. कातळ उतरता असेल तर मल्टिपलचा उतार साधारण दुप्पट दिसतो. सगळ्यात भरवशाची चाचणी वेगाची. मल्टिपल गाळातच फिरल्याने तिचा वेग 1500 च राहतो. 40 ला खरंच बसाल्टच्या आतून काही आलं असतं, तर त्याचा आरएमएस वेग (वरच्या सगळ्या थरांचा मिळून एक प्रकारचा सरासरी वेग) 3700 च्या जवळ आला असता आणि खोली 30 नव्हे, 65 मीटर. 40 मीटर अंतरावर मल्टिपल 48 मिलिसेकंदांना पोचते, बसाल्टच्या आतली लहर पोचली असती साडेएक्केचाळीसच्या आत. हा फरक शॉट रेकॉर्डवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून शिकणाऱ्याच्या हातात आधी शॉट रेकॉर्ड द्यावेत, स्टॅक नंतर. रंगीत स्टॅक आधी पाहिला की डोळा तिथेच अडकतो.

मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या दिशेने समुद्रात हेच मोठ्या मापावर घडतं. 75 मीटर पाणी असेल तर दर 100 मिलिसेकंदांनी समुद्रतळ पुन्हा पुन्हा उमटतो आणि खालच्या चुनखडीच्या रेघांत मिसळतो.

शुक्रवार

इंटरप्रिटेशन. बोअरच्या नोंदीत गाळ आणि कडक खडक यांच्या मध्ये मुरूम असतो, तीन-चार मीटरचा. 100 हर्ट्झला 2000 च्या वेगाने पाव तरंगलांबी 5 मीटर भरते, त्यामुळे मुरमाचा माथा आणि खडकाचा माथा वेगळे दिसत नाहीत. सेक्शनवरची रेघ ‘खडकाचा माथा’ म्हणून रंगवणं म्हणूनच धोक्याचं. बुलेट ट्रेनचा बोगदा या खाडीखालून 7 किलोमीटर जातो. अशा कामात मुरूम आणि खडक यांतला फरक कागदावरचा राहत नाही.

भरतीचीही दुरुस्ती आहे. होडीतून हायड्रोफोनने (पाण्यात लहरी टिपणाऱ्या यंत्राने) घेतलेली लाइन दोन वेगळ्या वेळांना पुरी केली आणि पाणी 3 मीटर चढलं, तर 4 मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि कातळात नसलेली पायरी दिसते. प्रत्येक शॉटबरोबर पाण्याची पातळी नोंदवावी.

गाळात कुजलेल्या काडीकचऱ्याचा वायू अडकला असेल तिथे वेग 1500 च्या खूप खाली जातो आणि खालचं सगळं धूसर होतं. त्या पट्ट्यात कातळाची रेघ दोन्ही बाजूंकडून ओढून जोडू नये. तुटक रेघ काढावी, शेजारी ‘वायू, माहिती नाही’ असं लिहावं आणि तिथे बोअर मागावा.