आमची वाटचाल : साहेबांची टिकली शेवटी

डिझाइन थिंकिंगचं, म्हणजे माणसं एकत्र बसवून अडचणीवर उपाय शोधायचं, वर्कशॉप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतभर रंगीत चिठ्ठ्या येतात. फोटो त्यांचाच निघतो आणि कंपनीच्या अंकात तोच छापला जातो. त्या चिठ्ठ्यांतल्या बहुतेक उतरवायच्या कशा आणि उरलेल्यांत आधी हात कशाला घालायचा, हे आमचं काम. इतकी वर्षं तेच करतोय आणि सगळ्यात जास्त घासाघीस त्याच्याच पैशांवरून झाली आहे. ‘कल्पना आमच्याच माणसांनी दिल्या, तुम्ही फक्त निवडायला लावल्या,’ असं एका परचेस मॅनेजरनं मला तोंडावर ऐकवलं होतं. बरोबर आहे. निवडायलाच लावल्या.

2011 साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. भागीदार पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकलेला, मी टूलरूममधला. त्याच्याकडे पद्धती होत्या, माझ्याकडे ओळखी. पाटीवर ‘प्रॉडक्ट डिझाइन’ लिहिलं होतं, पण पार्ट डिझाइन करून द्या म्हणणाऱ्यांपेक्षा ‘आमची माणसं एकत्र बसवून काहीतरी ठरवून द्या’ म्हणणारेच जास्त येऊ लागले. मग आम्हीही तिकडेच वळलो.

भागीदार पहिल्यापासून एक गोष्ट घोकायचा. अमेरिकेतल्या जाहिरातधंद्यातले ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम घालून दिले, त्यात मोठा नियम असा की कल्पना निघत असताना बरं-वाईट ठरवायचं नाही, तो निवाडा पुढे ढकलायचा. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढे ढकललेला निवाडा कधीतरी करावा लागतो, त्याला वेळ लागतो, हे मात्र सोयीनं विसरलं जातं. दिवसभर चिठ्ठ्या, साडेचारला चहा-बिस्किटं आणि पाच वाजता ‘चला, पटकन मतदान उरकू’. आम्ही मात्र दोन दिवसांच्या वर्कशॉपमधला दुसरा दिवस पूर्ण निवडीलाच ठेवायचो. अजूनही ठेवतो.

आता हत्यारांबद्दल, कारण आमच्या धंद्याला हत्यारं नसतात असा समज आहे.

मतदानाला, म्हणजे पसंतीच्या चिठ्ठीवर खूण लावायला, बाहेर गोल स्टिकर वापरतात. आम्ही टिकल्या वापरतो, तुळशीबागेतल्या, मखमली, मरून रंगाच्या, मध्यम आकाराच्या. पहिलं पाकीट वहिनींनी, म्हणजे भागीदाराच्या पत्नीनं, आणून दिलं, तेव्हापासून तेच. पिवळ्या चिठ्ठीवर मरून टिकली लांबूनही दिसते. उचलून दुसरीकडे लावता येते. सगळ्यांना एकाच रंगाची मिळत असल्यामुळे कुणाची कुठली ते कळत नाही. शिवाय शॉपमधली माणसं टिकली हातात घेतली की एकमेकांकडे बघून हसतात आणि मीटिंगचा ताठरपणा तिथेच जातो. एसी हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत काही गळून पडतात, म्हणून मतदान झालं की लगेच आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून टाकायचा. चिठ्ठी गठ्ठ्यावरून खालून वर ओढू नका, बाजूनं ओढा. खालून ओढली की तिला बाक येतो आणि पंख्याखाली ती तासाभरात जमिनीवर असते. लिहायचं जाड मार्करनंच. पेननं लिहिलेली चिठ्ठी लांबून वाचता येत नाही आणि न वाचलेल्या चिठ्ठीला मत मिळत नाही.

मतदान ही नुसती चाळणी आहे. खरी निवड चौकटीवर होते. मास्किंग टेपनं भिंतीवर दोन रेघा मारायच्या, उभी परिणामाची, आडवी मेहनतीची. हे आता सगळ्यांना येतं. चिठ्ठी कुठे लावायची हे कुणी ठरवायचं, यावर मात्र आमची पहिली दोन वर्षं भांडणात गेली. शेवटी ठरलं ते असं : मेहनत किती, हे ज्याला ते काम करावं लागणार आहे त्यानं सांगायचं. परिणाम किती, हे ज्याला आज त्रास होतोय त्यानं सांगायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं, मग ते कुणीही असोत.

हे नीट जमलं ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या अण्णांकडे. त्यांची फौंड्री, ओतकामाची. फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतून निघालेले भाग (कास्टिंग) घासून साफ करायच्या कामावर, माणूस टिकेना, म्हणून त्यांनी बोलावलं. धूळ, कंप आणि दिवसभर वाकून कास्टिंग घासायचं, टिकणार कोण? अण्णांचा धाकटा मुलगा एका प्रदर्शनात ग्राइंडिंगचा रोबो बघून आला होता, कोटेशनही मागवलं होतं. भिंतीवर रोबो होता, बसायची केबिन होती, जास्तीचा भत्ता होता, वर-खाली होणारं टेबल होतं. अण्णांच्या हातात टिकल्या दिल्या तर म्हणाले, “आदी पोरांस्नी लावू द्या, मी मागनं बघतो.” आम्ही सांगायच्या आधीच. आमच्या नियमाचं श्रेय मी त्यांना तेव्हापासून देत आलोय.

साच्याचा नमुना बनवणाऱ्या पॅटर्नमेकरची एक चिठ्ठी कोपऱ्यात होती : ‘बॉक्सच्या पिना-बुश बदला’. तिला एकच टिकली होती, बहुधा त्याचीच. मतदानावर थांबलो असतो तर ती कचऱ्यात गेली असती. पण आमची रीत अशी, की ज्या चिठ्ठीला निदान एक मत पडलं आहे तिला चौकटीवर एकदा तरी जागा द्यायची. पॅटर्नमेकर म्हणाला, मेहनत काही नाही, पिना टर्नरकडून मिळतात. परिणाम सांगायला फेटलिंगवाल्यांना पुढे बोलावलं. साच्याचे वरचे-खालचे बॉक्स या पिनांवर जुळतात. पिना झिजल्या की वरचा साचा खालच्यावर किंचित सरकून बसतो, कास्टिंगला पार्टिंग लाइनवर, म्हणजे दोन साचे जुळतात तिथे, पायरी येते आणि ती पायरी घासण्यातच यांचा अर्धा दिवस जातो. त्यातला एक जण म्हणाला, “पायरीच आली न्हाई तर आमी घासायचं काय?” आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं उचलून वर लावली.

काही बॉक्सना नव्या पिना-बुश घातल्या, त्यांना पांढरा पट्टा मारला आणि त्यांतून निघालेली कास्टिंग वेगळी रचली. फरक सगळ्यात आधी स्टोअरच्या माणसाला कळला, कारण ग्राइंडिंग व्हील कमी उठायला लागली. रोबोचं कोटेशन ड्रॉवरमध्ये राहिलं. धाकट्याला ते आवडलं नाही. पुढे टेबलंही झाली, ती त्यानंच केली.

यानंतर काही वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं नाही.

2018 मध्ये चाकण पट्ट्यातली एक कंपनी आली. नाव घेत नाही. एक वर्कशॉप आधी आणि ते जमलं तर बाकीच्या चार प्लांटमध्ये, असा तोंडी शब्द. आम्ही दोन माणसं नेमली, मोठा हॉल लीजवर घेतला. वेळापत्रकात आम्ही लिहून दिलं होतं, प्लांट हेड मतदान करणार असतील तर सर्वांत शेवटी करतील. त्यांच्या एचआरनं त्यावर ‘नोटेड’ असं उत्तर पाठवलं होतं. ती मेल आजही जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर साहेब आले. सगळे खुर्च्यांवरून उठले. साहेबांनी आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीच्या हातून टिकल्यांचं पाकीट घेतलं, भिंतीवरून नजर फिरवली आणि आपल्या वाट्याच्या तिन्ही टिकल्या एकाच चिठ्ठीवर लावल्या. त्या चिठ्ठीवर होतं, ‘कामगारांच्या सूचनांसाठी मोबाइल ॲप’. मग म्हणाले, “माझा काही आग्रह नाही हं, तुम्ही मोकळेपणानं करा.” पाच मिनिटांत त्या चिठ्ठीवर टिकली लावायला जागा उरली नाही. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात दाखवून दिलं होतं, की सोबतचे सगळे चुकीचं बोलले तर धडधडीत दिसणाऱ्या रेघेची लांबीसुद्धा कित्येक माणसं चुकीची सांगतात. ॲशच्या खोलीत नुसती अनोळखी कॉलेजची मुलं होती. इथे इन्क्रिमेंटवर सही करणारा माणूस होता.

भागीदारानं तरी सोडलं नाही. त्यानं सगळ्यांना कोरी चिठ्ठी दिली आणि लिहायला लावलं : ‘काय खरं असेल तरच हे ॲप चालेल?’ नाव घालायचं नाही. एका ऑपरेटरनं लिहिलं, ‘शॉपमध्ये मोबाइल न्यायला परवानगी पाहिजे.’ मोबाइल गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागायचा, सुट्टीपर्यंत मिळत नव्हता. मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. एचआरच्या माणसानं ती माझ्या हातून अलगद घेतली आणि ‘नंतर बघू’च्या चार्टवर नेऊन लावली.

ॲप झालं. उद्घाटन झालं, केक कापला. वापरलं कुणीच नाही, कसं वापरणार? आणि सहा महिन्यांनी आमच्या बिलावर शेरा पडला : ‘वर्कशॉपमधून निघालेली कल्पना अयशस्वी’. पैसे अडकले. चार प्लांटचं काम गेलं आणि ते गेलं कुणाकडे, तर आमच्याकडे तीन वर्षं काम केलेल्या मुलाकडे. त्याला मास्किंग टेप सरळ मारायला मी शिकवलं. आमचे तक्ते त्यानं नेले, वरचा लोगो बदलला आणि ‘एका दिवसात शंभर कल्पना’ म्हणून विकले. शंभर कल्पना! त्यातल्या नव्याण्णवांचं काय करायचं ते शिकवायला दुसऱ्या दिवसाचे पैसे लागतात, म्हणून तो दुसरा दिवस ठेवतच नाही. त्याच्या फोटोंत भिंतीवरची चौकट अजून आमच्याच मापाची असते.

हॉलचं भाडं, दोन पगार, बँकेचा ओव्हरड्राफ्ट काठोकाठ. भागीदारानं वर्षभर ओढलं आणि मग नोकरी धरली. घराचे हप्ते होते, मी कोणत्या तोंडानं अडवणार होतो? हिशोब एका बैठकीत मिटला. मार्कर आणि कटर त्यानं ठेवून दिले, फक्त स्टीलची मीटरपट्टी नेली.

अण्णांना हे कुणाकडून तरी कळलं. त्यांनी वर्षाच्या तीन वर्कशॉपचे पैसे आगाऊ पाठवले आणि फोनवर म्हणाले, “तारखा मागनं ठरवू, आदी पगार करा.” त्यावर आम्ही उभे राहिलो. बाकी कशावरही नाही.

बिलाचं काय झालं तेही सांगतो, कारण आमच्यासारखे लहान धंदेवाले इथेच मार खातात. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आम्ही थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकला. मुद्दल आलं, व्याज सोडावं लागलं. नव्यांना सांगतो, उद्यमची, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून, नोंदणी पहिलं काम घ्यायच्या आधी करा आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. आता आयकर कायद्यातही तरतूद आहे. आपले पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर समोरच्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे हल्ली मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

2020 मध्ये सगळ्यांचं झालं तेच आमचंही झालं. स्क्रीनवरच्या फळ्यावर टिकल्या लावल्या. आवाज येत नव्हता, पण एक चांगलं झालं : मतदान संपेपर्यंत कुणाचं मत कुठे पडलं ते झाकून ठेवता येत होतं. ते आम्ही परत भिंतीवर आणलं. आता मत आधी आपापल्या कागदावर लिहायचं, मग सगळ्यांनी एकदम उठून टिकल्या लावायच्या. साहेब हॉलबाहेर चहा घेतात आणि शेवटी येतात. हे करारपत्रात आहे, सहीच्या वरच्या ओळीत.

हल्ली तरुण मुलं एक्सेल घेऊन येतात. प्रत्येक कल्पनेला पाचपैकी गुण, त्यांना महत्त्वाप्रमाणे भारांक, मग सरासरी, मग 3.42 विरुद्ध 3.38. त्या दोन आकड्यांत काही फरक नसतो, पण पडद्यावर तो निकालासारखा दिसतो. आणि मनातली कल्पना मागे पडली की भारांक हलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भारांक लावायचेच तर कल्पना बघायच्या आधी लावा आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आम्ही शेवटच्या पाच-सहा कल्पनांसाठी स्टुअर्ट प्यू यांचा तक्ता वापरतो. आज जसं चाललंय ते मधल्या रकान्यात ठेवायचं आणि प्रत्येक कल्पना त्यापेक्षा बरी, वाईट की तशीच, एवढंच लिहायचं. अधिक, उणे, सारखं. गुण नाहीत. एका कल्पनेचे उणे दुसरीच्या अधिकनं झाकता आले तर दोन्ही जोडून तिसरी होते, आणि बऱ्याचदा तीच पुढे जाते. हा तक्ता ब्राउन पेपरवर हातानं आखावा. प्रोजेक्टरवर टाकला की फक्त लॅपटॉपवालाच बोलतो.

आणखी एक, वर्कशॉप साहेबांच्या कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. भिंतीला लाकडी पॅनेल असतं, टेप धरत नाही आणि माणसं खुर्चीच्या मानानं बोलतात. कॅन्टीनमध्ये घ्या. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी कॅन्टीन रिकामं मिळतं. मात्र त्या दिवसाचा ओव्हरटाइम कामगारांना मिळतोय ना, ते आधी लेखी घ्या.

सध्या आम्ही चौघं आहोत. नवीन काम घेताना मी दोनच गोष्टी विचारतो : चौकटीसमोर पॅटर्नमेकरसारखा माणूस उभा राहणार का आणि निम्मे पैसे आधी येणार का. दोन्हींना हो आलं तरच टिकल्या मागवतो. अण्णांच्या दुसऱ्या युनिटचं काम दिवाळीनंतर आहे, कोअर शॉपमधल्या, म्हणजे कास्टिंगच्या पोकळ भागासाठी वाळूचे गाभे बनवतात तिथल्या, तुटफुटीवर. यंदा धाकट्यानं फोन केला होता. दर जरा कमी करा म्हणाला. केला नाही.