आमची वाटचाल : पेठेतलं थिएटर, तिसरी पिढी

पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह म्हणजे मंडईजवळचं आर्यन, 1915 सालचं. पुढे 1933 मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पेठांना सिनेमाचा नादच लागला. त्या काळात आजोबांनी आमचं थिएटर उभं केलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांच्या, सगळ्या खुर्च्या गाळात गेल्या. प्रोजेक्टरच्या मशीन वरच्या केबिनमध्ये होत्या म्हणून धंदा वाचला. पुरातून आम्ही सावरलो. खरा घाव घातला तो माणसानं.

तेव्हा नव्या सिनेमाच्या प्रिंट मोजक्या यायच्या, त्यामुळे एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायचे. पलीकडच्या थिएटरचा खेळ आधी सुरू व्हायचा. रीळ संपलं, उलटं गुंडाळलं, की डबा सायकलवर आमच्याकडे. हजार फुटांचं रीळ सेकंदाला 24 फ्रेमनं अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे पोऱ्याला दम खायला वेळ नाही. एका शुक्रवारी, पहिल्याच खेळाला, इंटरव्हलनंतरचा डबा आलाच नाही. पोऱ्या तिथे केबिनच्या दाराशी उभा आणि आतून उत्तर, ‘रीळ तुटलंय, जोडतोय.’ रीळ तुटलेलं नव्हतं. त्यांच्याच ऑपरेटरनं नंतर आमच्या ऑपरेटर काकांना ते सांगितलं. तोवर इकडे पब्लिकनं खुर्च्या फोडल्या, पडद्यावर बाटल्या फेकल्या, बुकिंगची खिडकी उखडली. वडिलांनी एकूण एक तिकिटाचे पैसे परत केले.

त्याहून वाईट पुढे झालं. ‘त्यांच्याकडे दंगा होतो’ ही बातमी वितरकांपर्यंत व्यवस्थित पोचवली गेली. नवी प्रिंट मिळेना. शेअरवर, म्हणजे तिकीटविक्रीतल्या वाट्यावर, कोणी द्यायला तयार नाही, फिक्स्ड हायर, म्हणजे गल्ला होवो न होवो ठरलेलं भाडं, आम्हाला परवडेना. बाल्कनी बंद ठेवली. एक बिल्डर दर महिन्याला चहाला येऊन बसायला लागला.

त्या दिवसांत दोन माणसांनी थिएटर धरून ठेवलं. एक आमचे ऑपरेटर काका, अर्ध्या पगारावर राहिलेले. प्रोजेक्टरचा उजेड तेव्हा कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीचा असायचा; त्या कांड्यांमधलं अंतर ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे, पडद्यावर उजेड कधी पिवळा पडू दिला नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपके दिसायचे; पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर, दुसऱ्या ठिपक्याला बदल. रीळ बदललेलं प्रेक्षकाला कळायचंसुद्धा नाही. दुसऱ्या, मंडईतल्या भाजीवाल्या मावशी. पाटी रिकामी झाली की शुक्रवारी मॅटिनीला हजर. चरे पडलेले जुने सिनेमे लावायची वडिलांना लाज वाटायची. मावशी म्हणाल्या, ‘मालक, जुनं का असंना, लावा. पडदा झाकून ठिऊ नका.’ पुढच्या आठवड्यात त्या अख्खी रांग भरून बायका घेऊन आल्या.

मग दुसऱ्यांनी नाकारलेला एक मराठी सिनेमा आम्ही घेतला आणि त्यानं आमच्याकडे रौप्यमहोत्सव केला. वितरक पुन्हा दारात आले. पुढची वर्षं बरी गेली.

नंतर मल्टिप्लेक्स आली. त्यांना करमणूक करात सूट, आम्हाला पूर्ण भार. प्रेक्षक सोडून गेले म्हणून जुनी थिएटरं बंद पडली असं जे सहज लिहितात, त्यांनी हा हिशोबही मांडावा. 1 जुलै 2017 ला तो कर जीएसटीत गेला, तोवर आमच्या कित्येक सोबत्यांनी शटर ओढलं होतं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो. प्रोजेक्टरमधल्या झेनॉनच्या दिव्याला उघडं बोट लावू नका. बोटाचा डाग तापून काच तडकते. बदलताना तोंडावर ढाल हवीच, थंड असतानाही आत दाब असतो. थिएटर बंद असलं तरी आठवड्यातून एकदा प्रोजेक्टर चालवा आणि पडद्यामागच्या वायरी उंदरांसाठी तपासा. आणि बायकांचं स्वच्छतागृह आधी बांधा, लॉबीतला संगमरवर मागाहून. कुटुंब थिएटरला येतं की नाही, ते बाई ठरवते. करोनात, मधले 50 टक्के खुर्च्यांच्या परवानगीचे महिने सोडले तर, मार्च 2020 पासून 22 ऑक्टोबर 2021 पर्यंत पडदा बंद होता, तरी आमचं मशीन पहिल्या खेळाला एका बटणावर सुरू झालं, ते या शिस्तीमुळे.

पलीकडच्या थिएटरच्या जागी आता दुकानांचं संकुल आहे. आमच्याकडे रोज चार खेळ होतात, आणि त्यातला संध्याकाळचा 6 चा आम्ही मराठी सिनेमासाठी राखलेला आहे.