व्हिटॅमिन डी कमी, तरी पाकिटं थांबवली

थायरॉइडचं हार्मोन वाढल्याचं कळलं तेव्हा वजन सहा किलोंनी उतरलं होतं आणि चहाचा कप बशीत खुळखुळायचा. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.०१च्याही खाली; थायरॉइड वाढला की ते उतरतं. निदान ग्रेव्ह्जचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त काम करायला लावते तो आजार. थायरॉइडचं हार्मोन कमी करणारं कार्बिमाझोल सुरू झालं, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल.

त्याच रक्तात व्हिटॅमिन डी ११ आलं. २०च्या खाली म्हणजे कमतरताच. नणंदेनं लगेच तिच्याकडची डीच्या पावडरची ६०,००० युनिटची पाकिटं आणून दिली. "वहिनी, माझे गुडघे दुखायचे यानंच थांबले. आजच घ्या." जमिनीवर भाजी निवडून उठताना मला हात टेकावा लागत होता, त्यामुळे मोह झालाच. पण आधी डॉक्टरांना विचारलं, आणि ते बरं झालं.

"आधी कॅल्शियम बघू," ते म्हणाले. आलं १०.७; लॅबची वरची मर्यादा १०.५. थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की हाडं भरून निघण्यापेक्षा झिजतात जास्त, आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात येतं. डी तर आतड्यातून आणखी कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे भरलेल्या हंड्यावर पुन्हा नळ सोडायचा. मांड्यांतली ताकदसुद्धा थायरॉइडमुळे जाते, हे मला तेव्हाच कळलं. मी सगळं डीच्या माथी मारत होते.

अडीच महिने नुसतं थांबणं फार जड गेलं. पाकिटं फ्रिजवर समोर दिसायची. या काळात केसांसाठी घेत असलेली बायोटिनची गोळीही डॉक्टरांनी बंद करायला लावली, कारण तिनं थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तुम्ही घेत असाल तर रक्त देण्याआधी नक्की सांगा.

टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, आटोक्यात आलं, कॅल्शियम ९.६ झालं, मग डॉक्टरांनी डी सुरू केलं: दर रविवारी जेवणानंतर एक पाकीट, साईसकट दुधातून, कारण डी स्निग्धाबरोबर नीट शोषलं जातं. असे आठ आठवडे. मध्ये एकदा कॅल्शियम पुन्हा तपासलं, ते जागेवर होतं. शेवटी डी ३४.

थायरॉइड मात्र त्यानं उतरला नाही, ते काम कार्बिमाझोलचंच. टीएसएच अजून ०.२वर अडकलंय, टी-फोर सुधारल्यावरही ते कित्येक महिने मागे राहतं म्हणे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. भाजी निवडून उठताना हात टेकावा लागत नाही आता.