मिठीच्या काठाने, फिल्टरपाडा ते माहीम: पात्र कुठे आणि का बदललं

विहार तलावाच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत मुंबईची मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहते. तेवढ्यात तिचा आकार अनेकदा बदलतो, आणि दरवेळी कारण काठावरच्या जमिनीत सापडतं. सलग काठाने चालता येत नाही, भिंती आणि कारखाने आड येतात. पूल ते पूल असा बेत करावा, मधलं अंतर रिक्षाने. रिक्षा बांद्रा-शीवपर्यंतच मिळते, पुढे बस किंवा टॅक्सी.

निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीच्या वेळी बीकेसीत (बांद्रा-कुर्ला संकुलात) पोचाल अशा हिशोबाने सकाळी फिल्टरपाड्याच्या पुलावरून सुरुवात करा (मेट्रो ३ चं आरे जेव्हीएलआर स्थानक, तिथून रिक्षा). इथे पात्र अरुंद, खडकाळ, उताराचं आहे. विहार (१८६०) आणि पवई (१८९१) हे तलाव झाल्यापासून वरचं पाणी ते भरून वाहिले तरच खाली येतं. त्यामुळे कोरड्या महिन्यांत पुढच्या पात्रात दिसतं ते बहुतेक सांडपाणीच.

मरोळ-साकीनाका भागात फार वेळ घालवू नका, पण एक हिशोब डोक्यात ठेवा: १ हेक्टरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० घनमीटर पाणी, १० हजार लिटरचे दहा टँकर. रानात त्यातलं बरंच मुरतं. पत्रे, डांबर आणि काँक्रीटवरून जवळपास सगळं लगेच नाल्यात उतरतं. पूर लवकर येतो, उंच चढतो, आणि त्याच वेळी काठावरच्या डेब्रिजच्या (बांधकामाच्या राडारोड्याच्या) भरणीने पात्र अरुंद झालेलं असतं.

सफेद पुलाच्या पुढे नदी विमानतळाच्या कडेने वळवलेली आहे. काटकोनी वळणावर पाण्याचा जोर मोडतो, मागे फुगवटा येतो, आतल्या बाजूला गाळ बसतो आणि बाहेरच्या भिंतीचा पाया खरवडला जातो. हे रस्त्यावरूनच बघा. विमानतळाच्या कुंपणाजवळ कॅमेरा काढू नका, ड्रोन तर नकोच.

खरा वेळ राखावा तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या पुलापासून धारावीपर्यंत. बीकेसीची जागा म्हणजे तिवरं आणि दलदल होती. १९७७ पासून एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिथली नियोजन प्राधिकरण आहे, आणि भरणी होत गेली. नुकसान फक्त पूर सामावणाऱ्या जागेचं झालं नाही. भरतीचं पाणी जितकं आत पसरायचं तितकंच ओहोटीला जोराने बाहेर पडायचं आणि गाळ ओढून न्यायचं. पसरायची जागा गेल्यावर ओहोटीचा तो जोरही गेला. खाडीच्या तोंडाशी माहीमच्या कॉजवेने १८४५ पासून वाट आवळलेलीच होती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पात्र रुंद झालं, संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. पण रुंद पात्रात एरवीचं थोडं पाणी संथ होतं आणि गाळ तिथेच टाकतं, म्हणून दरवर्षी उपसा करावा लागतो. भिंत नदीचं पाणी अडवते तशी वस्तीचं पाणीही अडवते. नाल्यांच्या तोंडाशी झडपा आहेत का आणि त्यांत कचरा अडकलाय का, हे ओहोटीला नीट दिसतं.

वेग मोजायचा तर पुलाच्या वरच्या, म्हणजे उगमाकडच्या कडेखालून तरंगत आलेली वस्तू हेरा, खालच्या कडेला निघेपर्यंत सेकंद मोजा, पुलाच्या रुंदीला त्याने भागा. भरतीत ती उलटी, कुर्ल्याकडे जाताना दिसेल.

धारावीच्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जुन्या कचराभूमीवर ते उभं आहे, आणि समोरच्या बीकेसीशी तुलना करायला चांगली जागा आहे.

गाळ बघायचा तर जानेवारी ते मार्च, उपसा झालेलं पात्र बघायचं तर जूनचा पहिला आठवडा. पावसात ४.५ मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार एकत्र असतील तर जाऊ नका. बंद बूट घाला, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा आहे.